पडदे पहिल्यांदाच घरी शिवतेय – पाच फुटी खिडकी, पश्चिमेचं ऊन, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत हवेत

तापीकाठ (भुसावळ) – ६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जानेवारीत नव्या घरात राहायला आलो. हॉलची मोठी खिडकी सरळ पश्चिमेला आहे. मार्चपर्यंत निभावलं, आता दुपारी तीननंतर सोफ्यावर बसवत नाही. ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत येतं आणि सहापर्यंत हलत नाही. सध्या जुनी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवली आहे.

तयार पडदे पाहून आले. चार बाय पाच किंवा चार बाय सात, हीच मापं. आमची खिडकी पाच फूट रुंद, दांडी सहा फुटांची, आणि पडदा मला जमिनीपर्यंत हवाय (दांडीपासून फरशीपर्यंत बरोबर ७ फूट). शिवून घ्यायचे तर कापड आणि शिलाई मिळून जो आकडा निघाला तो या महिन्यात झेपणारा नाही.

सासूबाईंचं पायाचं मशीन घरात आहे, दोन वर्षं कुणी हात लावलेला नाही. मला बटण लावता येतं, साडीचा फॉल हाताने लावता येतो, त्यापलीकडे शिवणकाम येत नाही. आखाजीला दोन्ही नणंदा माहेरी येतायत, त्याआधी पडदे लागलेले हवेत. साडेतीन आठवडे आहेत. कापड किती घेऊ, कुठलं घेऊ, आणि सुरुवात कुठून करू?

---

धुळ्याची_मावशी – ६ एप्रिल, रात्री १०:५५

बेटा, साडेतीन आठवडे भरपूर झाले. शिवणकामात पडद्याइतकं सोपं दुसरं काही नाही. गळा नाही, बाही नाही, कटोरी नाही. सगळ्या सरळ शिलाया. अवघड काय असेल तर माप आणि कापणं. शिवायला बसायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं.

रुंदी आधी. खिडकी मोजू नकोस, दांडी मोज. दांडी ७२ इंच, पडद्याला त्याच्या दुप्पट कापड लागतं तेव्हा चुण्या नीट पडतात. म्हणजे १४४ इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे काठापासून काठापर्यंतची रुंदी, बहुतेक ४८ किंवा ५४ इंच असतो, दुकानात विचारून घे. ५४ चा मिळाला तर दोन पन्ह्यांत १०८ इंच होतात, त्यातून कडांच्या दुमडी गेल्या की शंभर उरतात. ओढल्यावर पडदा ताणलेला दिसेल आणि मधून ऊन येईल. तीन पन्हे घे. तिसरा पन्हा उभा मधोमध काप आणि अर्धा अर्धा दोन्ही पडद्यांना जोड. जोड भिंतीच्या बाजूला ठेव, खिडकीच्या मध्याकडे नको. तिथे तो चुण्यांत लपतो.

आता लांबी. फरशीपासून एक इंच वर ठेव, झाडू-पोछा करताना भिजत नाही. ८३ इंच. वर नेफ्यासाठी, म्हणजे दांडी ओवायच्या दुमडीसाठी, ३ इंच. खाली ८ इंच, म्हणजे चार-चार इंचांची दुहेरी दुमड. एवढी कशाला असं वाटेल, पण त्या वजनानेच पडदा सरळ पडतो, आणि पुढेमागे आटला तर उसवून लांब करता येतो. झाले ९४. सुती कापड आटणार, त्यासाठी ५ इंच जास्त. ९९ इंचांचे तीन तुकडे म्हणजे २९७ इंच, साडेसात मीटरला किंचित जास्त. तू पावणेआठ मीटर घे.

मोठी आडवी-उभी फुलं किंवा चौकडी असलेलं कापड पहिल्या वेळी घेऊ नकोस. जोडाला नक्षी जुळवावी लागते, त्यात कापड वाया जातं आणि मन खट्टू होतं. एकरंगी घे, नाहीतर बारीक बुट्टी. आणि बुट्टी उलटसुलट आहे का ते बघ. तीन तुकड्यांपैकी एक उलटा लागला तर रोज डोळ्यात खुपेल.

---

केळीबाग (रावेर) – ७ एप्रिल, सकाळी ७:१५

मावशींनी आटण्याचं एका ओळीत सांगितलं, मी जरा जोर देऊन सांगते. ताई, कापड कापायच्या आधी धुवा. मी माझ्या पहिल्या पडद्यांच्या वेळी दुकानातून आणलं तसंच शिवलं होतं. दिसायला फार सुंदर झाले. पहिल्या धुण्यात चार इंच आटले. फरशीला टेकणारे पडदे घोट्याच्या वर आले. वाईट म्हणजे दोरा आटला नाही, कापड आटलं, त्यामुळे कडेची प्रत्येक शिलाई सुरकुतली. चार संध्याकाळी बसून सगळं उसवलं.

अख्खं कापड बादलीत रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. रंग जातो का तेही तेव्हाच कळतं. न पिळता दोरीवर टाका, जरा दमट असतानाच इस्त्री करा. आपल्याकडच्या उन्हात तासाभरात वाळतं, पण रंगीत कापड सावलीतच वाळवा.

आणखी एक. त्या खिडकीत कूलर बसवणार आहात का? आमच्या मागच्या खोलीत कूलरच्या तोंडाजवळचा पडदा सतत ओलसर राहून कुबट वास मारायला लागला. तिथे पडदा कूलरच्या वरच संपवावा.

---

सातपुडा (शहादा) – ७ एप्रिल, दुपारी १:२०

शिवणकामातलं मला कळत नाही, उन्हातलं कळतं. आतल्या पडद्याने उजेड अडतो, उष्णता पुरती अडत नाही. ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर फरक जाणवतो. बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेट टाका. आमच्या जुन्या घराला वाळ्याचे तट्टे होते, दुपारी पाणी मारलं की खोलीत गारवा आणि वास दोन्ही यायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा नुसत्या कापडाच्या भरवशावर राहू नका, एवढंच म्हणणं.

---

धुळ्याची_मावशी – ७ एप्रिल, दुपारी ३:०५

भाऊ, तुमचं खरं आहे, पण चिक लावली म्हणून पडदा नको असं होत नाही. रात्री दिवे लागले की रस्त्यावरून सगळं घर दिसतं. दोन्ही करावं. चिक वरच्या मजल्यावर बाहेरून लावायला माणूस लागतो, पडदा ती आज स्वतः करू शकते.

---

तापीकाठ – ७ एप्रिल, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे वहीत उतरवले. कूलर दुसऱ्या खिडकीला आहे, ते बरं झालं. चिकेचं यांच्याशी बोलते.

रविवारी जळगावला फुले मार्केटला जाणार आहे. सुती घेऊ की ते जाड, आतून रबरासारखा थर असलेलं? दुकानदार म्हणाला त्याने अंधार होतो. आणि मावशी, नेफाच का? सगळीकडे आता गोल रिंगवाले दिसतात.

---

जळगावकर_पुण्यात – ७ एप्रिल, रात्री ११:३०

रिंगवाल्यांबद्दल मी सांगतो, कारण मी स्वतः घरी लावल्या आहेत. दिसतात छान, सरकतातही सहज. पण वरच्या दुमडीत चार इंची कॅनव्हासची पट्टी घालावी लागते, नाहीतर वरचा भाग मान टाकतो. मग साधारण सहा-सहा इंचांवर गोल भोकं कापायची आणि रिंगेचे दोन भाग दाबून बसवायचे. प्रत्येक पडद्यावर रिंगांची संख्या समच हवी. विषम झाली तर एका टोकाची कड भिंतीकडे वळते आणि दुसऱ्या टोकाची खोलीत तोंड काढून उभी राहते. मी पहिल्यांदा अकरा लावल्या होत्या. भोक एकदा कापलं की परत फिरता येत नाही, म्हणून पहिल्या पडद्याला नेफाच बरा. नेफा चुकला तर उसवता येतो.

नेफ्याची अडचण एकच, तो दांडीवर घासतो, रोज उघड-बंद करायला जड जातो. नेफा दांडीच्या मापापेक्षा मोकळा ठेवा. एक इंची दांडीला सपाट मोजून दोन इंच.

---

मिलची_चाळ (अमळनेर) – ८ एप्रिल, सकाळी ६:५०

मुली, कापडाचं मी सांगतो. रबरी थराच्या कापडाने अंधार होतो, पण ते जाड असतं. साध्या मशीनवर दुमडीच्या कोपऱ्यात सहा पदर एकत्र आले की सुई अडते. सुईची भोकंही त्यात कायमची राहतात, उसवलं तरी दिसतात. थरावर थेट इस्त्री फिरवता येत नाही. शिकायला ते कापड नव्हे.

पुढचा पडदा सुती घे, आणि मागे, काचेच्या बाजूने, मांजरपाटाचा (न रंगवलेलं जाडंभरडं सुती कापड) वेगळा साधा पडदा दुसऱ्या बारीक दांडीवर लाव. फिकट कापड ऊन परतवतं. रंगीत सुती कापड आपल्या पश्चिमेच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत विटतं, मग धाग्यातच जीव राहत नाही, धुताना फाटतं. मागचा मांजरपाट ते ऊन स्वतःवर घेतो. तो खराब झाला की तेवढाच बदलायचा. दोन्ही एकत्र शिवू नकोस, दोन कापडं वेगवेगळी आटतात आणि पुढचा पडदा फुगतो. मांजरपाट तर भरपूर आटतो, दोनदा धू.

माझा जन्म मिल चाळीतला. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळ्याची न्यू प्रताप, या तिन्हींचे भोंगे आता वाजत नाहीत. एवढा कापूस पिकवणाऱ्या मुलखात आम्ही पडद्याचं कापड सुरतेहून आणतो याचं मला अजून वाईट वाटतं. वडील विणकर खात्यात होते. कापड हातात घेतलं की ते आधी काठ बघायचे, मग उजेडासमोर धरायचे. तूही दुकानात तेच कर. उजेडासमोर धर, आणि धागे एकसारखे दाट दिसतात का ते बघ. मग एक कोपरा दोन्ही हातांत चुरगळ. पांढरी भुकटी निघाली तर खळ जास्त आहे, धुतल्यावर कापड जाळीसारखं होईल.

---

तापीकाठ – १३ एप्रिल, रात्री ८:३०

काका, दुकानात अगदी तसंच केलं. तीन ठाण उजेडासमोर धरले. एकातून समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली, तो बाजूला ठेवला. शेवटी मातकट रंगाचं, बारीक पांढऱ्या बुट्टीचं सुती कापड घेतलं, ५४ चा पन्हा, १८० रुपये मीटर. पावणेआठ मीटरचे १३९५ रुपये झाले. मांजरपाट पुढच्या महिन्यात.

रात्रभर भिजवलं. पाणी चहासारखं झालं, पण दुसऱ्या पाण्याला रंग थांबला. वाळल्यावर टेपने मोजलं. ३०५ इंच होतं, २९२ राहिलं. म्हणजे १३ इंच गेले! केळीबागताई, तुमचं ऐकलं नसतं तर प्रत्येक पडदा चार इंचांनी आखूड झाला असता. तिघांत वाटले तर ९७ येतात, मला ९४ हवेत.

आता कापायचं आहे आणि कात्री उचलवत नाहीये. सरळ कसं कापू? दुकानदाराने कापलेली कड तिरकी आहे.

---

धुळ्याची_मावशी – १३ एप्रिल, रात्री ९:००

टेपने आखून कापू नकोस. काठाला कात्रीने अर्ध्या इंचाची चीर दे, तिथला एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचल आणि हळूहळू ओढ. कापड त्या रेषेवर गोळा होत जाईल, धागा निघाला की मागे बारीक फट दिसेल. त्या फटीवरून काप. धागा मध्ये तुटला तर तिथपर्यंत काप आणि पुढचं टोक परत उचल. कापडाचा आडवा धागाच खरी सरळ रेष आहे. ती सोडून कापलं की कापड उरेब, म्हणजे तिरकं, होतं आणि पडदा एका बाजूला झोल खातो. मग कितीही इस्त्री कर, सुधारत नाही.

दोन्ही बाजूंचे घट्ट विणलेले काठ कापून टाक. काठ वेगळा आटतो, त्याने कड ओढल्यासारखी दिसते.

आणि शिवायच्या आधी मशीनला तेल. मशीनचंच तेल, खोबरेल नको, ते चिकटून बसतं. जिथे भोक दिसेल तिथे दोन थेंब, मग दोरा न ओवता अर्धा तास नुसतं चालव. नंतर वहीचा रेघांचा कागद घे आणि दोरा नसतानाच रेघेवर सुई चालव. चार पानं झाली की पाय आणि हात एकमेकांना ओळखतात. चाक उलटं फिरू द्यायचं नाही, एवढंच पायाला शिकवायचं असतं.

---

निंबोळी (चोपडा) – १४ एप्रिल, दुपारी १२:१०

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे आईच्या चार-पाच सुती साड्या आहेत, नेसवत नाहीत आणि देववतही नाहीत. त्यांचे पडदे होतील का?

---

केळीबाग – १४ एप्रिल, दुपारी २:००

होतील ना ताई, आणि फार छान होतील. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. सात फुटी दोन पडद्यांना वरखाली धरून ९२-९२ इंच लागतात, झाले १८४. उरलेल्या ३२ इंचांत बांधायच्या पट्ट्या निघतात. साडी आधीच कितीतरी वेळा धुतलेली, त्यामुळे आटायची भीती नाही. दोन्ही बाजूंना काठ असल्याने कडा दुमडायच्याही नाहीत. फक्त फॉल उसवा आणि उजेडासमोर धरून बघा. नेसताना निऱ्यांचा आणि टाचेचा भाग सगळ्यात विरलेला असतो, तो टाळून कापा. पदर पडद्याच्या खालच्या बाजूला येऊ द्या, एका पडद्याला पदर आणि दुसऱ्याला नाही असं होईल, पण तेही शोभतं.

आमना आठे (आमच्याकडे) जिजीच्या नऊवारीचा पडदा अजून देवघराला आहे.

---

तापीकाठ – १७ एप्रिल, रात्री १०:२०

धागा ओढून कापलं, तीन तुकडे अगदी सरळ निघाले. पण शिलाईत अडले आहे. वरून टाका चांगला दिसतो, खालून दोऱ्याचा नुसता गुंता. दोनदा सुई तुटली. जोडाची शिलाई घातली ती चुणली. काय चुकतंय?

---

धुळ्याची_मावशी – १७ एप्रिल, रात्री १०:४५

गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) चाचपतात. दोष बहुतेक वेळा वर असतो. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. बूट (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा परत पहिल्यापासून ओव. बूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरूनच घसरतो. आणि सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बुटाखालून मागे घेऊन बोटाने धर, तीन टाके होईपर्यंत.

सुई तुटते कारण तू कापड ओढतेस. पडदा जड असतो, एक टोक खाली लोंबत असेल तर तेच ओढ देतं. मशीनच्या डावीकडे आणि मागे खाट लाव, सगळं कापड खाटेवर राहू दे. तुझ्या हाताने फक्त दिशा द्यायची. सुई १६ नंबरची घाल. टाका मोठा कर आणि वरचा ताण थोडा सैल कर, चुण्या जातील. दोरा पॉलिस्टरचा घे, उन्हात सुती दोरा लवकर कुजतो.

चुणलेली शिलाई उसव. वर्षभर डोळ्यासमोर राहणार आहे ती.

---

तापीकाठ – १९ एप्रिल, दुपारी ४:३०

बूट वर करून ओवला आणि गुंता गेला! खाट लावली. सासूबाई काल स्वतः शेजारी बसल्या, कापड त्या सरकवत होत्या आणि मी पाय चालवत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मशीनपाशी बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांचं शिवण सुटलं होतं. कडेची दुमड त्यांनी नखाने घडी मोडून दिली, इस्त्रीहून सरळ.

जोड झाले, कडा झाल्या, नेफे झाले. आता खालची दुमड घालते.

---

धुळ्याची_मावशी – १९ एप्रिल, दुपारी ४:४०

थांब! खालची आत्ता घालू नकोस. दांडीवर चढव, तीन दिवस तसेच लोंबू दे. सुती कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, आणि दोन्ही पडदे सारखे उतरतीलच असं नाही. उतरल्यावर फरशीपासून मोजून टाचण्या लाव, मग खाली काढून दुमड.

---

तापीकाठ – २४ एप्रिल, रात्री ९:००

झाले. लागले.

मावशी, तीन दिवसांनी डावा पडदा पाऊण इंच जास्त उतरला होता. आधीच शिवला असता तर वाकडाच राहिला असता. फरशीपासून एक इंचावर लाकडी पट्टी ठेवून टाचण्या लावल्या. खालची दुमड मी हाताने घातली, फॉलचा टाका मला येतोच. दोन संध्याकाळी गेल्या, पण बाहेरून टाका कुठेच दिसत नाही.

आज दुपारी चार वाजता पडदे ओढले. खोलीत चहाच्या पाण्यासारखा उजेड पडला आणि समोरच्या भिंतीवर ऊन नव्हतं. सातपुडादादा, धग अजून आहे, तुमचं बरोबर होतं. चिकेचं माप उद्या द्यायचं आहे. डाव्या कडेने ऊनाची एक पट्टी अजून येते, त्याचं काय करू?

---

जळगावकर_पुण्यात – २४ एप्रिल, रात्री ९:२५

दांडीचं टोक भिंतीपासून पुढे आहे ना, त्या फटीतून येतं. पडद्याची शेवटची कड दांडीच्या टोकावरून वळवून भिंतीपर्यंत न्या आणि भिंतीत एक हुक मारून कडेला दोऱ्याचा फास शिवा. ती बाजू कायम अडकलेली राहील, उघडायची ती मधूनच.

---

तापीकाठ – २५ एप्रिल, सकाळी ८:०५

हुक आजच मारतो म्हणाले. कापलेल्या काठांच्या लांब पट्ट्या सासूबाईंनी टाकू दिल्या नाहीत, त्यांचे फास त्याच करून देतायत. आणि मधल्या खोलीची खिडकी मोजून ठेवली आहे, दांडी चार फुटांची. ४८ चे दोन पन्हे पुरतील ना मावशी?

---

धुळ्याची_मावशी – २५ एप्रिल, सकाळी ८:३०

९६ मधून चार कडांचे ८ वजा कर. ८८ राहतात, दांडी ४८. पुरतील, जोडही लागणार नाही. आधी धू.